गाणं कुणाचं? पॉलिनेशियाचं संगीत, ओळख आणि कलाधोरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑकलंड-वेलिंग्टनमधले मराठी पालक, हवाईला फिरायला निघालेले आणि घरबसल्या हाकाचे (न्यूझीलंडच्या माओरींच्या समूहनृत्याचे) व्हिडिओ पाहणारे वाचक फिरूनफिरून हेच विचारतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॉलिनेशिया म्हणजे नेमकी कोणती बेटं? फिजी त्यात येतं का?

हवाई, न्यूझीलंड (माओरी नाव आओतेआरोआ) आणि रापा नुई म्हणजे ईस्टर बेट, हे तीन बिंदू नकाशावर जोडा. त्या त्रिकोणात सामोआ, टोंगा, कुक बेटं, नीउए, तोकेलाऊ आणि ताहितीसह फ्रेंच पॉलिनेशिया येतं. तुवालू आणि वालिस-फुतुना पश्चिमेच्या कडेला आहेत. फिजी मेलानेशियात धरतात, पण फिजीच्याच ताब्यातलं रोतुमा बेट पॉलिनेशियन आहे.

भाषा आणि पूर्वज एका कुळातले असले तरी राज्यकर्ते वेगवेगळे. हवाई अमेरिकेचं राज्य, ताहिती फ्रान्सकडे, रापा नुई चिलीकडे, सामोआ आणि टोंगा स्वतंत्र. त्यामुळे ‘पॉलिनेशियाचं कलाधोरण’ असं एकसंध काही नाही.

२. माओरीही पॉलिनेशियनच. मग न्यूझीलंड सरकार त्यांना ‘पॅसिफिक’ लोकांत का मोजत नाही?

कारण नातं वेगळं आहे. माओरी त्या भूमीचे मूळ लोक. १८४० च्या वाइतांगी करारात ते ब्रिटिश राजसत्तेच्या समोरचा पक्ष होते आणि भाषा-संगीताबद्दलचे आजचे बरेच हक्क त्या करारावर उभे आहेत. सामोअन, टोंगन, नीउएअन लोक मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांत कामाला आले. पुढे मंदी आली तशी १९७० च्या दशकात व्हिसा संपलेल्यांना पकडायला पोलीस पहाटे त्यांच्या घरांवर छापे घालू लागले. सरकारने त्याची जाहीर माफी २०२१ मध्ये मागितली.

२०२३ च्या जनगणनेत माओरी १७.८ टक्के आणि पॅसिफिक लोक ८.९ टक्के भरले. देशाच्या कला परिषदेच्या २०१४ च्या कायद्यात हा फरक सरळ दिसतो: माओरी जगाची जाण असलेले किमान चार सदस्य आणि पॅसिफिक कलांची जाण असलेले किमान दोन, अशी तरतूद आहे.

नीउएचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. बेटावर माणसं दोन हजारांच्या आत, न्यूझीलंडमध्ये तीस हजारांहून जास्त. तिथली भाषा आणि गाणी टिकणार की नाही, हे आता ऑकलंडमधल्या शाळा आणि चर्च ठरवणार.

३. हाका म्हणजे युद्धनृत्यच ना?

फक्त तेवढंच नाही. शस्त्रं घेऊन करायचा हाका असतो, तसा बिनशस्त्रांचाही असतो. पाहुण्यांच्या स्वागताला, अंत्यविधीला, पदवीदानाला, सरकारला चार शब्द सुनवायला, सगळीकडे हाका होतो. बायकाही करतात. न्यूझीलंडच्या रग्बी संघामुळे जगाला एकच हाका ठाऊक झाला आणि तोच सगळ्यांचा नमुना ठरला. त्या संघाकडेही दोन आहेत : ‘का माते’ (प्रश्न ११) आणि डेरेक लार्डेली यांनी रचलेला, ऑगस्ट २००५ मध्ये डनीडनच्या सामन्याआधी पहिल्यांदा झालेला ‘कापा ओ पांगो’.

हाकात शब्द आधी, हातवारे नंतर. अर्थ न कळता केलेला हाका जाणकाराला लगेच ओळखू येतो, कारण जोर चुकीच्या शब्दावर पडतो.

४. कपा हाकाच्या स्पर्धेत नक्की काय काय सादर करावं लागतं?

‘कपा’ म्हणजे रांग. राष्ट्रीय स्पर्धा दर दोन वर्षांनी होते. १९७२ मध्ये रोतोरुआला सुरू झाली, ‘ते मतातीनी’ हे नाव २००४ पासूनचं. गटात जास्तीत जास्त ४० जण, वेळ २५ मिनिटं, आणि तेवढ्यात हे सगळं बसवायचं : व्हाकाएके (प्रवेश), मोतेआतेआ (जुन्या वळणाचं पठण), वायाता-आ-रिंगा (हातांच्या हालचालींसह गाणं), पोई (दोरीला बांधलेले गोळे फिरवत केलेलं गाणं), हाका आणि व्हाकावातेआ (निर्गम). वेळ ओलांडली की गुण कापले जातात.

मोतेआतेआला स्वरांचा पट्टा अगदी अरुंद, आणि ओळ मध्येच तुटता कामा नये. एक जण श्वास घेतो तेव्हा दुसरा गात असतो. आपल्याकडच्या भजनी मंडळात टाळकरी असं करतात, पण तिथे चूक झाली तर टाळ झाकून घेतात. इथे झाकायला काही नाही.

५. हे शब्द उच्चारायचे कसे?

मराठी माणसाला हे इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपं जातं, फक्त इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका.

प, त, क हे आपल्यासारखेच म्हणा, श्वास न सोडता. ट कधीच नाही. ‘एनजी’ असं लिहिलेलं अक्षर म्हणजे ‘वाङ्मय’मधला ङ, आणि तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो : ‘ङाती’. (पानभर ङ वाचणं कठीण, म्हणून इथे ओळखीच्या नावांत ‘ंग’च ठेवला आहे.) ‘डब्ल्यूएच’ बहुतेक भागांत फ सारखा. वर ‘व्हाकाएके’ लिहिलं ते रोमन लिपीला धरून. तोंडाने ‘फाकाएके’ म्हणा.

ऱ्हस्व-दीर्घ पाळलं नाही तर अर्थ बदलतो. ऱ्हस्व ‘केके’ म्हणजे केक, दोन्ही ए लांबवले की काख. माओरी शब्दांवर आडवी रेघ असते ती दीर्घ स्वराची खूण. हवाईयन, ताहितीयन, सामोअनमध्ये उलट्या स्वल्पविरामासारखं चिन्ह दिसतं तिथे घसा क्षणभर बंद करायचा. ते चिन्ह म्हणजे व्यंजनच. कार्यक्रमपत्रिका छापताना ही चिन्हं हमखास गळतात. छपाईआधी एकदा फक्त तेवढंच तपासा.

६. युरोपियन येण्याआधी तंतुवाद्यं नव्हती तर वाजवत काय होते?

तंतुवाद्यं अगदीच नव्हती असं नाही, पण मुख्य होते ते आवाज, ढोल आणि फुंकवाद्यं. ताहितीत तोएरे, म्हणजे खोडाला लांब चीर पाडून पोकळ केलेलं लाकूड, काठीने वाजवायचं. शिवाय शार्कच्या कातड्याने मढवलेला पाहू ढोल, आणि नाकाने वाजवायची बासरी : ताहितीत वीवो, टोंगात फांगुफांगु. तोकेलाऊ-तुवालूच्या फातेले या समूहगीत-नृत्याला लाकडी पेटी किंवा गुंडाळलेली चटईही पुरते. गाणं संथ सुरू होतं, प्रत्येक फेरीला वेग चढतो आणि टिपेला पोहोचून एकदम थांबतं.

माओरी वाद्यांची गोष्ट निराळी. कोआउआउ बासरी, पुतातारा शंख, दोरीला बांधून गरगर फिरवायचा पुरेरेहुआ ही वाद्यं वाजवणारं कुणी जवळजवळ उरलं नव्हतं. हिरिनी मेलबर्न, रिचर्ड नन्स आणि कारागीर ब्रायन फ्लिंटॉफ यांनी १९८० च्या दशकापासून संग्रहालयांतली वाद्यं पाहून, वडीलधाऱ्यांच्या आठवणी गोळा करून ती पुन्हा वाजती केली. यातला पुतोरीनो मधे फुगीर आणि टोकांना निमुळता असतो, थेट कोशातल्या पतंगाच्या घरट्यासारखा. तोच तुतारीसारखा फुंकला की पुरुषाचा आवाज, बासरीसारखा फुंकला की स्त्रीचा.

७. युकुलेली पॉलिनेशियन की पोर्तुगीज? आणि आपली ‘हवाईयन गिटार’ खरंच हवाईची का?

युकुलेलीचं मूळ पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरचं छोटं चारतारी वाद्य. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून ऊसमजूर होनोलुलूला उतरले. त्यांच्यातल्या नुनेश, दियाश आणि एस्पिरितो सांतो या तीन सुतारांनी पुढे तिथल्या लाकडात ते घडवलं. राजा कालाकाउआने दरबारात मान दिल्यावर वाद्य हवाईचं झालं. ताहितीची युकुलेली आणखी वेगळी : एकाच लाकडातून कोरलेली, पेटीऐवजी आरपार भोक, त्यावर पातळ लाकडी चकती, आणि आठ तारा दोन-दोनच्या जोड्यांत, बहुधा मासेमारीच्या दोरीच्या. आवाज टोकदार, उघड्यावर लांब जाणारा. हवाईच्या युकुलेलीच्या तारा तिला लावून तो आवाज येत नाही.

गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा तुकडा सरकवायची रीत मात्र हवाईचीच. श्रेय ओआहू बेटावरच्या लाइए गावच्या जोसेफ केकुकुला देतात. तिथून ती भारतात आली. सामोअन वादक ताउ मोए १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहून वाजवत असे. मुंबईत व्हॅन शिप्लीने ती हिंदी गाण्यांच्या धुनांतून घरोघरी नेली आणि ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. आपल्या कानाला मींड लागतेच, म्हणून हे वाद्य इथे इतकं रुळलं असावं.

८. नाचांवर बंदी होती म्हणतात. मग ते परत कसे आले?

ताहितीत १८१९ च्या पोमारे संहितेने नाच बंद केले. संहिता मिशनऱ्यांच्या सल्ल्याने, पण हुकूम राजाचा. १८८१ पासून फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या निमित्ताने जुलैमध्ये उत्सव भरू लागला आणि वसाहतीच्या त्या सणाच्या आडून नाच परतला. १९५६ मध्ये मादलेन मुआ या शिक्षिकेने पहिला शिस्तबद्ध नृत्यगट काढला, तेव्हा कुठे ‘चांगल्या घरच्या’ मुली नाचायला येऊ लागल्या. १९७९ मध्ये सरकारी संगीत-नृत्यशाळा निघाली. १९८४ ला अंतर्गत स्वायत्तता मिळाली आणि पुढच्या वर्षी उत्सवाचं नाव ‘हेइवा’ झालं. आज तिथे वादकांचा ताफा प्रत्यक्ष हजर लागतो, एक पोशाख पानाफुलांचाच लागतो आणि कथानक ताहितीयन भाषेत नव्याने लिहिलेलं लागतं. शेवटची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे दर वर्षी भाषेत लिहिणारे नवे हात तयार होतात.

हवाईत १८३० मध्ये राणी काअहुमानूने सार्वजनिक हुलाला, म्हणजे हवाईच्या पारंपरिक नृत्याला, मनाई केली. कालाकाउआने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकात हुला उघडपणे करवला आणि पाद्री-व्यापारी मंडळींचा संताप ओढवून घेतला. १८९६ ला शाळा इंग्रजीतून झाल्या, त्याचा फटका हुलाला बंदीहून मोठा बसला : शब्दच कळेनात. १९७८ मध्ये हवाईयन पुन्हा राज्यभाषा झाली. हिलोची मेरी मोनार्क हुला स्पर्धा १९७१ पासूनची. ‘मोनार्क’ म्हणजे तोच कालाकाउआ. काहिको विभागात पठण आणि तालवाद्य, आउआना विभागात गिटार-युकुलेलीसह गाणं.

बंदी नसलेलं उदाहरणही हवं. टोंगाचं लाकालाका, शेकडो जण ओळीत उभे राहून गातात-नाचतात ते, राजघराण्याच्या आश्रयाने चालत राहिलं. युनेस्कोने २००३ मध्ये त्याला मानवजातीच्या वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून गौरवलं. त्यातला पुनाके कवी, संगीतकार आणि नृत्यरचनाकार असा तिन्ही असतो.

९. टोंगन कार्यक्रमात नाचणाऱ्या मुलीच्या अंगावर नोटा चिकटवत होते. हा दौलतजादाच का?

दिसायला तसं, हिशेब उलटा. याला फाकापाले म्हणतात. मुलगी अंगाला खोबरेल लावून नाचते, लोक नाचत जाऊन दंडावर, खांद्यावर नोटा ठेवतात. हा पैसा तिचा नसतो. ज्या कामासाठी कार्यक्रम आहे त्याला जातो, शाळेची इमारत, चर्च, कुणाचं शिक्षण. मान तिच्या घराण्याला मिळतो. आई-मावश्या स्वतः पुढे होऊन ठेवतात.

पाहुणे म्हणून गेलात तर ठेवा, न ठेवणं कोरडेपणाचं वाटतं. नोट हाताच्या वरच्या भागावर ठेवा किंवा पायाशी टाका. खाली पडलेल्या नोटा गोळा करणारे ठरलेले असतात, आपण वाकू नये.

१०. सरकार पैसे देतं तरी कसे? आणि पुरतात का?

न्यूझीलंडमध्ये मुख्य वाटा तीन : कला परिषद, माओरी प्रसारणाला निधी देणारं ‘ते मांगाई पाहो’ (१९९३), आणि थेट अर्थसंकल्प. ‘ते मांगाई पाहो’मुळे माओरी गाणी ध्वनिमुद्रित होतात आणि २१ इवी-रेडिओ केंद्रं चालतात. इवी म्हणजे वंशगट.

असं काही नव्हतं तेव्हा काय व्हायचं? १९८२ मध्ये पातेआ गावचा मांस-कारखाना बंद पडला. डॅल्व्हेनिअस प्राइमने ङोई पेफाइरांगी यांचे माओरी शब्द घेऊन गावच्या मंडळाकडून ‘पोई ए’ गाऊन घेतलं. कंपन्यांनी हात वर केले, त्याने स्वतःच काढलं, आणि १९८४ मध्ये ते चार आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर राहिलं.

‘ते मतातीनी’ला २०२३ च्या अर्थसंकल्पात दोन वर्षांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. त्याआधी बॅले आणि वाद्यवृंदाच्या तुलनेत तिला फारच कमी मिळे, ही तक्रार जुनी होती आणि रास्त होती. तरी मंचावरच्या चाळीस जणांना पगार नसतो. महिनोन् महिने शनिवार-रविवार तालीम, प्रवास आणि जेवण कुटुंबांच्या खिशातून. उत्सवाला पैसा मिळणं सोपं, तालमीला कठीण, हे इथेही तसंच.

प्रदेशपातळीवर पॅसिफिक कला महोत्सव १९७२ मध्ये फिजीच्या सुव्हात सुरू झाला, साधारण चार वर्षांनी भरतो. तेरावा जून २०२४ मध्ये होनोलुलूला झाला. पथकं सरकारं पाठवतात, त्यामुळे ‘परंपरा’ काय ते मंत्रालयं ठरवतात. ऑकलंडच्या सामोअन रॅपरला त्या पथकात जागा मिळणं अवघड.

मराठी मंडळांसाठी : कला परिषदेचा लहान समूहांसाठीचा निधी स्थानिक नगरपालिकांमार्फत मिळतो आणि स्थलांतरितांच्या कलांनाही खुला आहे. खर्चाची दरपत्रकं जोडा. झालेल्या कार्यक्रमाचे पैसे मागून मिळत नाहीत, जेवणाचेही नाहीत. बहुतेक अर्ज याच दोन कारणांनी अडतात.

११. ‘का माते’वर कायदा आहे म्हणे. मग तो केला तर दंड होतो का?

नाही. २०१४ चा कायदा श्रेय देण्याचा आहे. रचनाकार ते राउपाराहा हा ङाती तोआ रांगातिरा या इवीचा प्रमुख होता, हे स्पष्ट, सहज नजरेस पडेल असं लिहा, एवढंच तो सांगतो. हे लागू होतं व्यापारी प्रकाशनाला, लोकांपर्यंत प्रसारित करण्याला आणि जाहीर दाखवायच्या चित्रपटाला. नुसतं सादरीकरण, शिक्षण, समीक्षा, बातमी यांना लागू नाही. मोडला तर इवीचे प्रतिनिधी न्यायालयाकडून तसा निर्वाळा मागू शकतात, नुकसानभरपाई नाही.

म्हणजे दात नसलेला कायदा? काहींचं मत तसं आहे. पण ‘अनाम लोकगीत’ म्हणून वापरायची वाट त्याने बंद केली, हे थोडं नाही.

१२. आमच्या गणेशोत्सवात हाका बसवायचा आहे. चालेल का?

आधी विचारा, मग बसवा. मुलं ज्या शाळेत शिकतात तिथल्या कपा हाका शिक्षकांकडे जा, ‘आम्हाला कुठला करता येईल आणि तो कुणाचा आहे’ हे विचारा. बऱ्याच शाळांचा स्वतःचा हाका असतो. तो शाळेबाहेर न्यायचा तर शाळेची परवानगी हवी. शिकवणाऱ्याला कोहा द्या. ही फी नाही, मानाची भेट आहे, पाकिटात आणि न मोजता. सादर करण्याआधी रचनाकार आणि इवीचं नाव निवेदनात घ्या.

हे टाळा : यूट्यूबवरून ऐकून लिहिलेले शब्द, हनुवटीवर रंगाने काढलेला मोको (माओरी गोंदण), मराठी विडंबन, आणि लोक जेवत असताना सादरीकरण. अन्न आणि तापू, म्हणजे पवित्र, या गोष्टी माओरी रीतीत वेगळ्या ठेवतात. सोवळं पाळलेल्या घरात वाढलेल्याला हे समजवावं लागत नाही.

विडंबनाचं गांभीर्य कळायला १९७९ पुरे. ऑकलंड विद्यापीठात अभियांत्रिकीचे विद्यार्थी दर वर्षी थट्टेचा हाका करत. पत्रं, तक्रारी वाया गेल्यावर ‘हे ताउआ’ गटाचे तरुण त्यांच्या सरावात घुसले, मारामारी झाली, खटले चालले. ती प्रथा त्या दिवशी संपली.

१३. दीडशे वर्षांचं गाणं तर कॉपीराइटमुक्तच असणार?

कागदावर हो, बहुधा. ‘का माते’चा रचनाकार ते राउपाराहा १८४९ मध्ये वारला. रचनाकाराच्या मृत्यूनंतर न्यूझीलंड ५० वर्षं मोजत आलं आहे, भारत ६०. पण घोळ तिथेच आहे. कॉपीराइटला एक लेखक आणि एक मुदत लागते, तर इवीच्या दृष्टीने गाणं वंशावळीसारखं, मुदत न संपणारं. हाच दावा १९९१ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणापुढे गेला. अहवाल यायला २०११ उजाडलं. कुक बेटांनी २०१३ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा वेगळा कायदाच केला. २०२४ चा जागतिक बौद्धिक संपदा करार मात्र जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी निगडित ज्ञानापुरता आहे, गाणी त्यात नाहीत.

ध्वनिमुद्रण वापरायचं असेल तर दोन परवानग्या वेगळ्या समजा : मुद्रणाच्या मालकाची आणि ज्यांचं गाणं आहे त्यांची. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही. अभिलेखागाराने फाइल दिली तरी नाही.

१४. मुलगी शाळेच्या गटात आहे. भारतीय मुलांनी भाग घ्यावा का? पोई घरी करता येतो का?

शिक्षकांनी घेतलं आहे म्हणजे प्रश्न संपला. ऑकलंडच्या माध्यमिक शाळांचा पॉलिफेस्ट १९७६ मध्ये ओतारात सुरू झाला. त्यात माओरी, कुक बेटं, नीउए, सामोआ, टोंगा असे वेगळे मंच आहेत, आणि एक बहुसांस्कृतिक मंच, जिथे भारतीय नृत्यंही होतात. दोन्हींत नाव घालायचं तर तालमींची वेळापत्रकं आधी ताडून पाहा. दोन्ही मार्चच्याच तोंडावर येतात.

पोईला मुठीत मावेल एवढा फोमचा गोळा, वर ताणून बांधलेलं प्लास्टिक आणि लोकरीच्या चार पदरांची वेणी लागते. प्लास्टिक सैल राहिलं की हातावर आपटताना आवाज फुसका येतो. दोन दोऱ्यांत थोडा फरक पडला तरी ठोका मागेपुढे होतो, म्हणून दोन्ही शेजारी टांगून लांबी जुळवा. लांबी शिक्षकांना विचारून ठरवा. छोटा आणि लांब पोई वेगळे असतात.

१५. हवाईच्या हॉटेलातला लुआऊ अस्सल असतो का?

जेवण आणि करमणूक म्हणून छान. पण तिथे पाहिलेला आगीच्या सुऱ्याचा नाच सामोअन आहे, आणि त्या सुऱ्याला आग लागली १९४६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत, फ्रेडी लेतुलीच्या हातून. भराभर कंबर हलवतात तो ताहितीचा. गवती घागराही मूळ हवाईचा नाही, तो किरिबातीच्या मजुरांबरोबर आला. हुला बघायचा तर एखाद्या हालाउचा, म्हणजे गुरुकुलाचा, कार्यक्रम शोधा.

तिथे पानाफुलांचे दागिनेही विचार करून निवडतात. बुरशीच्या साथीने ओहिआ झाडं मरू लागली तेव्हा २०१६ च्या मेरी मोनार्क स्पर्धेत (प्रश्न ८) गटांना ओहिआची फुलं न वापरण्याची विनंती केली होती.

१६. शंख, हाडाचं पदक, ढोल भारतात आणता येतो का?

बिल आहे म्हणून सुटत नाही. व्हेलचं हाड किंवा दात, कासवाची पाठ यांना आंतरराष्ट्रीय वन्यजीव परवाना लागतो आणि पर्यटकाला तो सहसा मिळत नाही. ट्रायटन शंख भारतातही संरक्षित आहे. गायीच्या हाडाचं किंवा हिरव्या दगडाचं पदक घ्या आणि विक्रेत्याकडून पावतीवर ‘गायीचं हाड’ असं लिहून घ्या. ढोलावर कुठलं कातडं आहे तेही लिहून घ्या. लाकडावर साल राहिली असेल तर कीड तपासणीत अडकतो. तोएरेला कातडंच नसतं. आणायला सगळ्यांत सोपं तेच.